हातात नसलेली जमीन विकताना

शहादा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. सलामबाद त्या लिहितात की धाकटा मुलगा बी.कॉम. झाला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नऊ हजार रुपयांवर जातो. काही महिन्यांपासून तो व्हिडिओ पाहतो आणि म्हणतो, ‘अम्मी, होलसेलिंग करणार. जमीन विकत घ्यायची नाही, फक्त सौदा करायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. मधला नफा आपला.’ एका शेताचा सौदा जुळत आला आहे. विसार म्हणून एक लाख रुपये द्यायचे आहेत आणि त्यासाठी तो आईच्या दोन बांगड्या मागतो आहे. ‘त्याच्या अब्बूंचा इंतकाल झाल्यापासून माझ्याजवळ तेवढ्याच उरल्या आहेत,’ असे लिहून त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. बांगड्या द्याव्यात का? आणि हा पैसा हलाल ठरेल का?

आम्ही त्यांना फोन केला आणि दोन कागद मागवले. एक सौदा पावतीचा मसुदा, दुसरा त्या शेताचा सातबारा. दोन्ही कागद पाहिल्यावर वाटले की उत्तर एकट्या त्या भगिनीला पाठवण्याऐवजी येथेच द्यावे. कारण अशी मुले आज शहाद्यात आहेत, नंदुरबारला आहेत, नवापुरात आहेत. नोकऱ्या कमी आहेत, हातात फोन आहे आणि ‘बिनभांडवली धंदा’ हे शब्द कानाला गोड लागतात.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. होलसेलिंग ही अमेरिकेतली रीत. घर विकायची घाई असलेला मालक शोधायचा, त्याच्याशी कमी भावात करार करायचा आणि तो करार जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्याच्या नावे करून मधली रक्कम खिशात घालायची. तिथेही याबद्दल तक्रारी झाल्याच. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलून, वर्षभरात असे एकापेक्षा जास्त सौदे करणाऱ्याला दलालीचा परवाना घ्यायला लावला. हे त्या व्हिडिओत सांगत नाहीत.

आपल्या खानदेशात ही गोष्ट नवी नाही. नाव तेवढे नवे आहे. सौदा पावती करायची, थोडा विसार द्यायचा, तीन किंवा सहा महिन्यांची मुदत घ्यायची आणि त्या मुदतीत ‘पावती फिरवायची’, हे आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे. यात कोणी कमावले, कोणाचा विसार बुडाला, आणि कोणी कोर्टाच्या तारखांना फेऱ्या मारत म्हातारे झाले.

नवशिक्याने पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही की सौदा पावतीने जमीन आपली होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे की विक्रीचा करार झाला म्हणून त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेही सांगितले की नुसता करार आणि मुखत्यारपत्र यांच्या आधारे मालकी मिळत नाही. म्हणजे पावती हातात असली तरी तुमच्याजवळ असते ते एक वचन. मुदतीत पुढचा गिऱ्हाईक मिळाला नाही, तर तुम्ही स्वतः पूर्ण पैसे भरायचे किंवा विसारावर पाणी सोडायचे. ‘बिनभांडवली’ म्हणतात त्या धंद्यातले भांडवल हे असे असते. या प्रकरणात ते आईच्या हातातल्या बांगड्या आहेत.

आता त्या सातबाऱ्याकडे येऊ. दोन एकर जमीन, रस्त्याला लागून, भाव खरोखर कमी. खातेदार एक वृद्ध भिल्ल बाई. इतर अधिकाराच्या रकान्यात कलम ३६ अ ची नोंद स्वच्छ अक्षरात होती. मुलाने ती वाचली होती, पण तिचा अर्थ विचारला नव्हता.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यामुळे येथे जमिनीचा धंदा करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी शिकायचा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६ आणि ३६ अ. ६ जुलै १९७४ पासून आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांना ती देण्यापूर्वी शासनाची मान्यता घ्यावी लागते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही, जमीन मूळ खातेदाराकडे परत जाऊ शकते. सातबाऱ्यावर नोंद राहून गेली असली तरी कायदा लागूच असतो.

हा कायदा का आला, हे शहाद्याच्या मुलाला ठाऊक असायला हवे. किरकोळ कर्जापायी, अंगठ्यापायी, कधी थोड्या धान्यापायी या भागातल्या आदिवासींच्या जमिनी दुसऱ्यांच्या नावे गेल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहादा-तळोदा परिसरात याविरुद्ध लोकांना उभे केले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला. दोन वर्षांनी कलम ३६ अ आले, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाही झाला. आज आपला मुलगा ज्या शेताला ‘स्वस्तातला सौदा’ म्हणतो, ते शेत त्या बाईच्या घरात टिकून राहावे म्हणून कोणीतरी लढले आहे.

मुलाला ज्याने हा धंदा शिकवला, त्याने वाटही सुचवली होती. ओळखीच्या एखाद्या आदिवासी माणसाच्या नावे खरेदी करायची आणि पैसे आपण घालायचे. बेटा, याला बेनामी व्यवहार म्हणतात. १९८८ च्या कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली. आता अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, एक ते सात वर्षांची कैद होऊ शकते आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याच्या नावे जमीन केली तो उद्या वारला तर त्याची मुले मालक होतील आणि तुम्हाला कोणत्याही कोर्टात तोंड उघडता येणार नाही.

भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच संपते. या सौद्यासाठी बांगड्या देऊ नयेत.

दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे, कारण मुलगा म्हणेल, ‘ठीक, आदिवासी जमीन सोडतो, दुसरी शोधतो.’ तेव्हा धंदाच हलाल आहे का, हे पाहायला हवे. आम्ही मुफ्ती नाही. आपल्या शहरातल्या आलिमांना कागद दाखवून विचारावे, हे आम्ही आधीच सांगतो. पण काही गोष्टी अशा आहेत ज्या साध्या वाचकालाही कळतात.

दलाली हा मुळात वाईट धंदा नाही. इमाम बुखारी यांनी आपल्या सहीहमध्ये दलालाच्या मोबदल्यासाठी वेगळे प्रकरण ठेवले आहे आणि त्यात इब्न सीरीन, अता, इब्राहीम व हसन यांना त्यात काही हरकत वाटली नाही, असे नोंदवले आहे. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकत्र आणणे, कागद तपासणे, दहा फेऱ्या मारणे ही मेहनत आहे आणि मेहनतीचा मोबदला घेणे रास्त आहे.

पण होलसेलिंगमध्ये मोबदला मेहनतीचा असतो की अज्ञानाचा? हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की एखादा माणूस माझ्याजवळ नसलेली वस्तू मागतो, मी आधी सौदा करून मग ती बाजारातून आणून द्यावी का? आपल्याजवळ जे नाही ते विकू नये, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे.

आणखी एक शिकवण तर या धंद्याला फार जवळून लागू पडते. त्या काळी बाहेरगावचे तांडे माल घेऊन शहरात येत. काही चलाख व्यापारी वेशीबाहेर जाऊन तांडा अडवत आणि बाजारातला भाव माहीत नसलेल्या माणसाकडून माल स्वस्तात घेत. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली. सहीह मुस्लिममधील रिवायतीनुसार, अशा रीतीने माल विकलेला माणूस बाजारात पोहोचला आणि त्याला खरा भाव कळला, तर सौदा मोडण्याचा अधिकार त्याला आहे. आता विचार करा. गावातल्या विधवेला तिच्या प्लॉटचा भाव माहीत नाही. आपण तिच्या दारात आधी पोहोचलो. बाहेर नऊ लाखांना जाणारा प्लॉट सहा लाखांत पावती करून घेतला आणि महिन्याभरात नऊ लाखांना दुसऱ्याला दिला. ते तीन लाख आपल्या फेऱ्यांचे आहेत, की तिला भाव माहीत नसल्याचे?

हाच व्यवहार उघड दलालीने केला तर काय होईल? समजा दोन्ही बाजूंकडून दोन टक्के ठरले. नऊ लाखांवर प्रत्येकी १८ हजार, म्हणजे एकूण ३६ हजार रुपये मिळतील. विधवेच्या हातात ८ लाख ८२ हजार पडतील. मुलाला तीन लाख मिळणार नाहीत हे खरे. पण ३६ हजार ही त्याच्या दुकानातल्या चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आहे, ती बांगड्या न मोडता मिळते आणि ती विधवा उद्या आपल्या बहिणीलाही त्याच्याकडेच पाठवते. विकणारा आणि घेणारा खरे बोलले व दोष सांगितले तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, लपवाछपवी केली तर ती निघून जाते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बाजारात त्याचा अर्थ असा असतो.

आता मुलाने सुरुवात कशी करावी? नुसते ‘नको’ म्हणणे आम्हाला पटत नाही. त्याच्यात हिंमत आहे, तिला वाट हवी.

दुकान लगेच सोडू नये. पहिले सहा महिने सुट्टीच्या दिवशी कागद वाचायला शिकावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आपल्या ओळखीतल्या दहा घरांचे सातबारे काढावेत. खातेदार कोण, भोगवटादार वर्ग १ आहे की २, इतर अधिकारात बँकेचा बोजा आहे का, कोणत्या फेरफाराने नाव लागले, हे सगळे वहीत लिहावे. वर्ग २ दिसला की थांबावे. सरकारने वाटलेल्या जमिनी बहुधा या वर्गात असतात आणि परवानगीशिवाय विकता येत नाहीत. सरदार सरोवराच्या विस्थापितांना तळोदा व शहादा तालुक्यांत पुनर्वसनाच्या जमिनी मिळाल्या आहेत. तिथे तर दुप्पट काळजी घ्यावी.

शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, हे आधी विचारावे. कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपली बरीच घरे पिढ्यान्पिढ्या शहरात व्यापार, कारागिरी करणारी आहेत. त्यांच्या नावे कुठेही सातबारा नाही, आणि ‘नंतर पाहू’ म्हणत दिलेला विसार नंतर अडकून पडतो. शेतातला दोन-चार गुंठ्यांचा तुकडा विकणाऱ्यापासूनही जपावे. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात गट क्रमांक दाखवून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्लॉटचा ले-आऊट असेल तर एन.ए. आदेश आणि मंजूर नकाशा पाहावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते. अशा प्रकल्पात दलाली करणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्रात त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. नोंदणी न करता दलाली केल्यास दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बांगड्यांचे पैसे कशावर लावायचेच असतील, तर त्यातला छोटासा भाग या प्रशिक्षणावर लावावा. तो बुडणार नाही.

व्यवहाराची रीतही पहिल्या दिवसापासून नीट ठेवावी. दलाली किती आणि कोणाकडून, हे दोन्ही पक्षांना एकाच कागदावर लिहून द्यावे. विसार आपल्या हातात घेऊ नये, तो घेणाऱ्याच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जावा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे प्राप्तिकर कायद्याने सर्वसाधारणपणे मना आहे आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, मोजणी करून घ्यावी. विसार जप्त होण्याचे कलम पावतीत असेल तर ते मोठ्याने वाचून दाखवावे. विसार जप्त करण्याबाबत फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. हनबली मत त्याला परवानगी देते, हनफी मत देत नाही. म्हणून मुदत सरली तर पैसे परत करण्याचे कलम घालणे अधिक सुरक्षित.

दोन गोष्टी खास आपल्या घरांसाठी. पहिली बहिणींची. वडील वारले आणि भाऊ जमीन विकायला निघाले, की दलालाला दोन भावांच्या सह्या पुरेशा वाटतात. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. समजा चार एकर, म्हणजे १६० गुंठे जमीन आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. पत्नीचा आठवा हिस्सा २० गुंठे. उरलेले १४० गुंठे मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात वाटले तर मुलीचे २८ आणि प्रत्येक मुलाचे ५६. बहीण नवापूरला दिली असो की सुरतला, ते २८ गुंठे तिचे आहेत. तिला न विचारता सौदा जुळवणारा दलाल भावांच्या गुन्ह्यात वाटेकरी होतो. कोणाची वीतभर जमीन अन्यायाने घेतली तरी कयामतच्या दिवशी सात जमिनींचा भार गळ्यात पडेल, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. ‘बहिणीने खुशीने सोडले’ असे कोणी म्हणाले, तर बहिणीला फोन लावून तिच्याच तोंडून ऐकावे.

दुसरी वक्फची. गावात मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या इनामी जमिनी असतात आणि कोणीतरी मुतवल्ली किंवा त्याचा नातलग ‘आमचीच आहे’ म्हणून विकायला काढतो. वक्फ जमिनीची विक्री कायद्याने मुळातच रद्दबातल ठरते. जुन्या फेरफारात इनाम, मशीद, दर्गा किंवा पीर असा शब्द दिसला, तर वक्फ मंडळाकडे चौकशी होईपर्यंत त्या गटाला हात लावू नये. बाप-आजोबांनी अल्लाहसाठी सोडलेली जमीन विकून मिळालेली दलाली घरात कोणत्या तोंडाने आणायची?

भगिनी, मुलावर रागावू नका. त्याला घर चालवायचे आहे, म्हणून तो धावतो आहे. हा अंक त्याच्या हातात द्या आणि एक काम सांगा. त्या वृद्ध बाईकडे परत जाऊन तिला सांगावे की ही जमीन परवानगीशिवाय कोणाला देता येत नाही, कोणी पावतीवर अंगठा मागितला तर देऊ नका, आधी तहसील कार्यालयात विचारा. यात त्याला एक रुपयाही मिळणार नाही. पण उद्या त्या गावात एखाद्याला आपला बखळ प्लॉट विकायचा असेल, तर ‘शहाद्याचा तो पोरगा खरे सांगतो’ हे कोणीतरी म्हणेल. जमिनीच्या दलालाकडे टिकणारे भांडवल असेल तर ते हेच.

बांगड्या हातातच असू द्या. तुमच्या मुलाच्या रिज्कमध्ये अल्लाह बरकत देवो. पहिला सौदा नीट झाला की आम्हाला जरूर कळवा.